सरांची गळकी गाडी

आजवर मला जेवढे धक्के बसले, त्यातले निम्मे तरी एकट्या सरांनी दिले असतील. उरलेले सगळ्या जगाने मिळून.

पहिला बसला तो जागा बघायला गेले तेव्हाच. अलिबागजवळच्या एका शाळेत मराठी शिकवायला म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. सर त्याच शाळेत विज्ञान शिकवायचे आणि किहीमला त्यांच्या नारळी-पोफळीच्या वाडीत मागच्या बाजूला दोन खोल्या रिकाम्या होत्या. मी गेले तेव्हा सर बनियनवर, हातात विळा घेऊन उभे होते. उंच, काटकुळे, भुवया कपाळावर मावत नाहीत असे. गाव कोणतं, घरी कोण कोण, लग्न का नाही केलं, यातलं काहीही न विचारता त्यांनी एकच प्रश्न टाकला.

“भुताखेतांवर विश्वास?”

“नाही,” मी म्हटलं.

“पुरावा?”

नसलेल्या विश्वासाचा पुरावा काय द्यायचा? मी नुसती हसले. तर म्हणाले, “अमावास्येला सामान घेऊन या. मग मानीन.”

माणगावला आईला फोन केला तर ती ओरडलीच, “अगं, कुठल्या वेड्याच्या घरात चाललीस?” पण जागा छान होती आणि मलाही खुमखुमी होती. अमावास्येला गेले. टेम्पोवाला तयार होईना. शेवटी पुढे ताजं लिंबू आणि मिरच्या बांधून आला. मी सामान उतरवते आहे तोवर सरांनी ते लिंबू सोडून घेतलं आणि आत त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, हातात दिलं. थोड्या वेळाने काकू सरबताचे पेले घेऊन बाहेर आल्या. टेम्पोवाला घटाघटा प्याला, “मस्त झालंय काकू” म्हणाला आणि जाताना बघतो तर लिंबू गायब. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

सरांचं सगळं असंच होतं. ग्रहणात शाळेच्या पायरीवर उभं राहून बटाटेवडा खायचे, आणि नुसते खायचे नाहीत, मुख्याध्यापिकाबाईंपुढेही धरायचे. मांजर आडवं गेलं की त्याला थांबवून नीट परत आडवं जायला लावायचे, म्हणजे हिशेब फिटला. मी एकदा “आज बरं वाटत नाही” म्हटलं तर “पुरावा?” म्हणत काखेत लावायला थर्मामीटर दिलं. ताप निघाला तेव्हा मात्र स्वतः पेज करून आणली. त्यात मीठ किती घालायचं हे पुस्तकात बघून आले होते, त्यामुळे ती खाववली नाही ही गोष्ट वेगळी.

मला नवल वाटायचं ते काकूंचं. हा माणूस बाहेर देव, भूत, नवस, सगळ्याला फैलावर घ्यायचा, आणि घरात काकूंचे उपास-तापास बिनबोभाट चालू असायचे. वटपौर्णिमा, हरतालिका, पितृपक्षातला घास, सगळं. एकदा न राहवून मी विचारलं, “सर, काकूंना कधी पुरावा मागत नाही तुम्ही?”

“स्वयंपाकघरात तिचे नियम,” सर म्हणाले. “माझं राज्य उंबऱ्याबाहेर.”

काकू आतून हसल्या. त्या हसल्या की पूर्ण हसायच्या, पदर तोंडाला लावून बिवून नाही.

निवृत्त झाल्यावर सरांनी गाडी घेतली. आयुष्यभर सायकलवर फिरलेल्या माणसाने गाडी घेतली हाच धक्का; वर ती छताला उघडणारी काच असलेली. किहीमच्या उन्हात आणि कोकणच्या पावसात छपराला भोक कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. सर कोणालाच उत्तर देईनात. मग एका रविवारी संध्याकाळी कळलं. गाडी गावातून हळूहळू निघाली, छत सरकलं आणि त्यातून काकू वर आल्या. साठीला आलेल्या काकू, नऊवारी नेसून, केसांत अबोलीचा गजरा, दोन्ही हात छपरावर टेकवून उभ्या! सर खालून गाडी हाकताहेत, बैलगाडीच्या वेगाने. नाक्यावरच्या लोकांनी चहाचे कप तसेच धरून ठेवले. मी भाजी घेत होते, माझ्या हातातली पालकाची जुडी खाली पडली.

“लग्नात वरात नव्हती झाली आमची,” काकूंनी मला वरूनच ओरडून सांगितलं. “कोर्टात केलं ना, यांच्या तत्त्वापायी!”

म्हणजे चाळीसेक वर्षांनी वरात. गावाने चार दिवस दुसरा विषय काढला नाही.

त्यानंतरच्या वर्षी काकू गेल्या. आजार कळला आणि संपल्या, इतक्या लवकर. दोघांनीही देहदानाचे अर्ज पूर्वीच भरलेले होते, त्यामुळे तिरडी नाही, चिता नाही. मेडिकल कॉलेजची गाडी आली आणि घेऊन गेली. वाडीच्या फाटकाशी जमलेली माणसं हात जोडायचे की नाही या विचारात उभीच राहिली. मीही आतून हलले. आदल्या आठवड्यापर्यंत ज्या बाई मला आंबोळ्या वाढत होत्या, त्यांच्यामागे राखसुद्धा उरली नाही.

पण खरा प्रसंग दहाव्या दिवशीचा. हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी काकूंनी लेकीचा हात धरून एकच मागणं मागितलं होतं. तेव्हा मी तिथेच होते, सरही होते. “देह न्या खुशाल, मी सही केलीय,” काकू म्हणाल्या. “पण दहाव्याला कावळ्याला घास ठेव गं माझा. तेवढंच.” लेकीने शब्द दिला. ती पनवेलला असते, नवऱ्याबरोबर गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवते. बापासारखीच सरळसोट आणि तापट. दहाव्या दिवशी तिने सकाळी भात शिजवला, त्यात काळे तीळ घातले, केळीच्या पानावर घास घेऊन ती वाडीत गेली. पान विहिरीजवळ ठेवून हात जोडते आहे एवढ्यात सर आले. त्यांनी पान उचललं आणि खताच्या खड्ड्यात उपडं केलं.

शेजारची माणसं फाटकाशी होती, त्यांनी तोंडं फिरवली.

“आईचा एक घास बाबा,” लेक म्हणाली, “एवढा एक घासही तुम्हाला सोसवला नाही.”

“या वाडीत हे होणार नाही,” सर म्हणाले.

“मग या घराचं पाणीही मी पिणार नाही.”

ती चप्पल घालून निघून गेली, ती गेलीच. सणाला नाही, आजारपणात नाही, फोनही नाही. ज्या माणसाने उंबऱ्याच्या आत बायकोचे नियम पाळले, त्याने ती गेल्यावर एवढ्याशा भाताशी वैर धरावं, हे मला पटेना. मला सरांचा राग आला होता आणि मी तो लपवला नाही. मासळी घेऊन येणारी कोळीण तर दारात उभी राहून म्हणाली, “सर, कावला शिवला का मानूस सुटतो. काकूंला आडकून ठेवलाव तुमी. ह्ये बरं न्हाय हाय.” सरांनी तिच्याकडून बोंबील घेतले आणि दार लावून घेतलं.

पुढे दोन वर्षं सर एकटे. बोलणं कमी झालं, “पुरावा?” तर पार बंद झाला. एक नवीनच सवय लागली. सकाळी उठून गाडीत जाऊन बसायचे. डावीकडच्या सीटवर, काकू बसायच्या तिथे. गाडी वाडीच्या पार टोकाला, सुरूच्या झाडांमागे लावलेली असायची. माझ्या खिडकीतून नुसती मागची बाजू दिसायची. पेपर वाचत असतील असं मी धरून चालले. माणूस एकटा पडला की कुठेतरी जाऊन बसतोच.

यंदाच्या पावसात गाडी गळायला लागली. आत कुबट वास, पायाशी ओल, गाद्यांवर बुरशीचे ठिपके. मी म्हटलं, “सर, गॅरेजला दाखवा.” तर म्हणाले, “संघनन आहे. आतली हवा गरम, काच थंड. आठवीच्या पुस्तकात आहे.” अलिबागचा एक ओळखीचा मेकॅनिक आपणहून बघायला आला, तर त्याला गाडीला हातसुद्धा लावू दिला नाही. “छपराची काच उघडायची नाही,” असं त्याच्या अंगावर ओरडले. शिकवताना कधी आवाज न चढवणारा माणूस! तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला.

मग सरांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मला गाडी चालवता येत नाही आणि रिक्षाच्या हिसक्यांत त्यांना परत आणायचं माझ्या जिवावर आलं. मी न विचारता लेकीला फोन केला. तिने आधी तारीख विचारली. मग म्हणाली, “ताई, मी गाडीपुरती येईन. घरात नाही.”

ठरल्या दिवशी ती आली, फाटकाशीच उभी राहिली. सर बाहेर आले, तिच्याकडे बघितलं, चावी तिच्या हातात दिली. मी मागे बसले. रात्रभर पाऊस पडून गेला होता. किहीमच्या बाहेर पडलो, वळणावर एक म्हैस आडवी आली, लेकीने करकचून ब्रेक दाबला आणि छतातल्या दिव्याच्या फटीतून भसकन पाणी आलं, ते सरळ तिच्या डोक्यावर. थोडंथोडकं नाही, तांब्याभर. काळपट आणि आंबूस वासाचं.

“ई! बाबा, हे काय आहे?”

दोन वर्षांनी बापाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

“संघनन,” सर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

त्यांना हॉस्पिटलात सोडलं. नर्सने बजावलं की ऑपरेशननंतर डोळ्यात पाण्याचा थेंबही जाता कामा नये, घाण पाणी गेलं तर डोळा जाईल. आम्ही दोघी गाडीकडे आलो आणि छताकडे बघितलं. पुन्हा ब्रेक दाबला की हेच पाणी त्या डोळ्यावर येणार होतं.

“नळ्या तुंबल्यात,” लेक म्हणाली. दुकानामुळे तिला ठाऊक होतं. छपराच्या काचेभोवती पन्हळ असते, पावसाचं पाणी तिच्यात उतरतं आणि कोपऱ्यातल्या भोकांतून, आतल्या बारीक नळ्यांनी दाराजवळून खाली जातं. नळी तुंबली की पन्हळ भरते आणि पाणी गाडीत. “तार घालायची नाही, नळी आतल्या आत निसटते. तंगूस पाहिजे, जाड.”

तंगूस म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी. ती अलिबागला न मिळून कशी चालेल! मी बंदराजवळच्या दुकानातून घेऊन आले. तिने काच सरकवली, सीटवर उभी राहिली. उजवीकडच्या भोकात दोरी घातली, हळूहळू पुढे-मागे केली. खाली दाराच्या बिजागरीशी सुरूच्या सुयांसारख्या पानांचा गोळा निघाला, माती निघाली, मागून पाणी वाहायला लागलं. एवढंच आहे, मी म्हटलं. सुरूखाली गाडी लावल्यावर दुसरं काय होणार.

डावीकडची नळी मात्र हलेना. दोरी अडे, वाके, परत येई. तिने पन्हळीत बाटलीतलं कोमट पाणी सोडलं, थांबली, परत दोरी घातली. मी खाली वाकून बिजागरीशी हात धरला. आधी काळा रस आला. मग एकदम काहीतरी सुटलं आणि माझ्या ओंजळीत लगदाच लगदा आला. सडका वास. मी तो पाण्याखाली धरला.

भात होता. आंबून बुळबुळीत झालेला, पण शितं ओळखू येत होती. आणि त्यात काळे तीळ.

माझा हात तसाच राहिला. लेक खाली उतरली, माझ्या ओंजळीत बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. काळे तीळ घातलेला भात रोजच्या जेवणात कोणी करत नाही, हे आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती.

“बाबा?” ती एवढंच म्हणाली.

मलाही विश्वास बसेना. सर? ग्रहणात वडा खाणारे? पण दुसरं कोण होतं त्या गाडीत बसणारं! रोज सकाळी, सुरूमागे, कोणाला दिसणार नाही असं. आम्ही दोघी हॉस्पिटलच्या अंगणात त्या घाणीकडे बघत उभ्या राहिलो. मग लेक एकदम रडायला लागली.

“ताई, एवढा भात नळीत गेला, म्हणजे कावळ्याने खाल्लाच नाही ना? दोन वर्षं ठेवताहेत आणि शिवतच नाहीये. आई अडकलीय.”

मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला.

सरांना घेऊन आलो. डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवलेली. छतातून एक थेंब पडला नाही. त्यांनी दोनदा वर बघितलं, मग लेकीच्या हातांकडे. नखांत काळं अडकलं होतं. लेक त्या रात्री माझ्या खोलीत राहिली, पाणीही माझ्याच माठातलं प्यायली.

सकाळी उजाडल्यावर तिने मला हलवून उठवलं. आम्ही सुरूच्या आडून बघत होतो. सर स्वयंपाकघराच्या दारातून भाताची वाटी घेऊन निघाले, डॉक्टरांनी वाकू नका सांगितलेलं असताना वाकून गाडीत शिरले. छत सरकलं. आधी त्यांचं डोकं वर आलं, मग खांदे. काकू उभ्या राहिल्या होत्या तसेच उभे राहिले. भाताचा मुटका छपरावर ठेवला आणि बाजूला काठी बाहेर काढली.

माडावरून एक कावळा उतरला, बॉनेटवर बसला. लेकीने माझं मनगट घट्ट धरलं. तिचे ओठ हलत होते, “शिव रे, शिव रे बाबा.” कावळा उडी मारून छपरावर आला, मान वाकडी केली.

“हाट!” सरांनी काठी फिरवली. कावळा उडाला. घाईने त्यांनी मुटका आत ओढला, शितं पन्हळीत सांडली, आणि कावळा लांब गेल्यावर पुन्हा बाहेर ठेवला.

कावळे येत होते. दोन वर्षं रोज येत होते, आणि हा माणूस त्यांना हाकलत होता.

लेक धावत सुटली. “बाबा! काय करताय? शिवू दे ना त्याला!”

सर दचकले. चोरी पकडल्यासारखे गाडीच्या छपरातून तिच्याकडे एका डोळ्याने बघत राहिले.

“तिने घास ठेवायला सांगितला होता,” शेवटी म्हणाले. “ठेवतो. एक दिवस चुकवला नाही. शिवला पाहिजे असं ती म्हणाली नव्हती.”

“पण तुम्ही तर हे मानत नाही!”

“मी नाही मानत. ती मानायची. ती असेल तर तिच्या नियमाने असेल ना, माझ्या नियमाने कशी असेल?” त्यांचा आवाज फुटला. मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. “त्या दिवशी तू पान ठेवलंस तेव्हा विहिरीच्या काठावर दोन कावळे येऊन बसले होते. तुझी पाठ होती. झेपावणारच होते. शिवला की माणूस सुटतो म्हणतात. सुटतो म्हणजे जातो ना गं? देह मी देऊन टाकला, माझ्यापाशी दुसरं काय होतं?”

दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना दगड म्हटलं होतं.

“आईला त्रास होत असेल बाबा,” ती हळूच म्हणाली. “जाऊ दे ना तिला.”

“मला कळतं. होत नाही माझ्याच्याने.”

ते बोलत असताना कावळा परत आला. मागून आला, सरांच्या झाकलेल्या डोळ्याच्या बाजूने, त्यामुळे त्यांना उशिरा दिसला. त्यांनी काठी मारली, ती अंदाज चुकून लांब पडली. दुसरी मारली, तीही हुकली. कावळा एक उडी पुढे आला, चोच भातापासून वीतभर. सर नुसते बघत राहिले.

“हाट!”

मी वळून बघितलं. लेक दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत गाडीवर धावून गेली होती. “हाट! जा! जा इथून!” कावळा फडफडत माडावर गेला आणि तिथून ओरडत बसला. तिला धाप लागली होती. आपण काय केलं ते तिचं तिलाच कळत नसावं, कारण ती कावळ्याकडे आणि स्वतःच्या हातांकडे आळीपाळीने बघत होती.

मग तिने छपरावरचा भात उचलून वाटीत भरला, पन्हळीत सांडलेली शितंही एकेक करून टिपली.

“बाबा,” ती म्हणाली, “उद्या किती वाजता ठेवता?”